‘येस सर’ची शिकवणी

“हिला मराठी येत न्हाई म्हणं. आईवर रुसायचं झालं तर कुठल्या भाषेत रुसत असंल बिचारी?”

हे वाक्य माझ्याबद्दल होतं आणि माझ्यापासून हातभर अंतरावरच्या बाकावर बसून म्हटलं गेलं होतं. म्हणणाऱ्या बाई म्हणजे मगदूम सरांच्या पत्नी. सर मिरजेजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि परदेशी नोकरीसाठी आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच आले होते. त्यांनी बायकोला डोळ्यांनी दटावलं.

“अगं, हळू.”

“हळू कशाला? कळतंय व्हय तिला?” असं म्हणून वहिनींनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला, माझ्यापुढे धरला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाल्या, “ईट! ईट!”

मी लाडू खाल्ला आणि ‘थँक्यू’ म्हटलं. आईवर मी रुसते ती साताऱ्याच्या मराठीतच, आणि आई माझा रुसवा काढते ती तर त्याहून अस्सल मराठीत, हे तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. ते न सांगण्याचाच मला पगार मिळत होता.

संपादकांनी मला लिहायला सांगताना ‘परदेशच्या नोकऱ्यांचं रोमांचक जग’ असे शब्द वापरले. त्यांना बहुधा विमानतळ अपेक्षित असावेत. त्या नोकरीत मी विमान एकदाही पाहिलं नाही. आमचं ऑफिस साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर होतं. परदेशी जाऊ इच्छिणारा माणूस पंक्चरच्या सोल्युशनचा वास घेत लाकडी जिना चढायचा आणि वर आला की इंग्रजी पाटी वाचायचा. पाटीवरच्या दोन ओळींत स्पेलिंगच्या चुका होत्या, पण परदेशी जाणाऱ्या एकाही इंग्रजीच्या मास्तरांनी त्या दाखवून दिल्याचं मला आठवत नाही. त्यांना वाटत असावं की परदेशात असंच लिहितात.

हा धंदा असा. आफ्रिकेतल्या किंवा आखातातल्या एखाद्या शाळेला मास्तर हवे असतात. ते मुंबईच्या बड्या एजंटाला कळवतात. बडा एजंट जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छोट्या एजंटांना कळवतो. छोट्या एजंटानं माणूस शोधायचा, त्याच्या सर्टिफिकिटांच्या ट्रू कॉप्या काढून त्यांवर मोठ्या अधिकाऱ्याची सही मिळवायची, पासपोर्टचा अर्ज भरायचा, टाय घालून फोटो काढायचा आणि मुलाखतीची तयारी करून घ्यायची. टाय ऑफिसचा होता. एकच होता. त्या टायमध्ये सातारा-सांगलीतले इतके मास्तर इथिओपियाला आणि नायजेरियाला गेले, की तिकडच्या अधिकाऱ्यांना हा एखाद्या जमातीचा पोशाख वाटला असेल.

आमचे छोटे एजंट म्हणजे जाधवसाहेब. पलटणीत ते स्टोअरवर होते आणि माणसांना नग म्हणायची त्यांची सवय सुटली नव्हती. मुंबईला ट्रंक कॉल लागला की ते ओरडायचे, “सायन्सचे दोन नग तयार हाईत, इंग्लिशचा एक पालिश करून धाडतो!” आफ्रिका हा त्यांच्या लेखी एक तालुका होता, कोरेगावच्या थोडा पलीकडे. इंग्रजी त्यांना ‘ऑर्डर’, ‘रिपोर्ट’, ‘डिसमिस’ एवढं येत होतं. एवढ्यावर त्यांनी लढाई काढली होती, तर हा धंदा काय.

माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या बदल्यांमुळे माझं सगळं शिक्षण छावण्यांमधल्या कॉन्व्हेंट शाळांत झालं. साताऱ्याला कायमचं आल्यावर जाधवसाहेब घरी येऊन म्हणाले, “सुभेदारसाहेब, पोरगी घरात बसवून काय करता? आमच्याकडं बसवा.” बसण्याची नोकरी वडिलांना सुरक्षित वाटली.

पहिल्याच दिवशी एका मास्तरांनी मला मराठीत काहीतरी विचारलं. मी मुळात परक्या माणसांशी बोलायला घाबरते. मी लाल झाले आणि टाइपरायटरकडे बघत बसले. जाधवसाहेब माझ्या मदतीला धावले. “त्यांना मराठी जमत न्हाई,” ते म्हणाले. “टोटल शिक्षण इंग्लिशमधी.” ते मास्तर खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

जाधवसाहेबांनी ते उभं राहणं बघितलं आणि माझं भविष्य ठरवलं. मुक्या माणसाची लोक कीव करतात. पण इंग्रजीत मुकं असलेल्या माणसाला खुर्ची पुसून देतात. त्या दिवसापासून मला ऑफिसात, जिन्यावर आणि स्टँडवर मराठी बोलायची बंदी झाली. मंडईतसुद्धा मी बोट दाखवून वांगी घ्यायची, न जाणो मागे एखादा उमेदवार उभा असायचा. जे साताऱ्याचे लोक मला ओळखत होते, त्यांनी ‘शिष्ट आहे’ असा सोपा निष्कर्ष काढला. उमेदवार मात्र बहुतेक सांगलीकडचे, नाहीतर माण-खटावचे. त्यांच्यासाठी मी अर्धी मडमच होते. मी सावळी आहे, दोन वेण्या घालायचे आणि माझं आडनाव मोरे आहे, हे कुणाच्या आड आलं नाही. जाधवसाहेब सगळ्यांदेखत माझ्याशी मराठीतच बोलत, तेही कुणाला खटकलं नाही.

मराठी न येणाऱ्या माणसासमोर लोक काय काय बोलतात! माझं नाक, माझ्या लग्नाची शक्यता, वडिलांनी मला शिकवून केलेली चूक, हे सगळं मी त्रयस्थासारखं ऐकलं. एक निवृत्त हवालदार ‘इंग्लिशचा मास्तर’ म्हणून अर्ज द्यायला आले होते. जाधवसाहेबांनी विचारलं, “आवं, तुमचं इंग्लिश?” ते म्हणाले, “लढाईत इटलीला हुतो की. अटेन्शन म्हणलं की पोरगं कुठल्याबी देशातलं असू दे, ताठ हुतंयच. मग पुढचं इंग्लिश त्याचं त्यो शिकतो.” शिक्षणशास्त्रावरची पुष्कळ भाषणं मी त्यानंतर ऐकली. त्यांतली फारच थोडी इतकी स्पष्ट होती.

माझं मुख्य काम खोट्या मुलाखती घेण्याचं. मी खुर्चीत बसून इंग्रजीत प्रश्न विचारायचे, मास्तर उत्तर द्यायचे आणि जाधवसाहेब बाजूला उभे राहून गुण द्यायचे. गुण उत्तराला नसत, आवाजाला असत. त्यांचा सिद्धान्त एका वाक्यात मावायचा: “साहेब काय इचारंल ते इचारू दे, आपण येस सर. नो म्हणणारा नग परत येतो.”

इथे एक बारीकशी भानगड होती आणि ती फक्त माझ्या लक्षात आली होती. आपण मराठीत ‘तुम्ही चहा घेत नाही?’ याला ‘हो’ म्हणतो, म्हणजे ‘बरोबर, घेत नाही’. इंग्रजीत तिथे ‘नो’ म्हणावं लागतं. ‘येस’ म्हटलं तर पुढ्यात चहा येतो. आमचे मास्तर इंग्रजी व्याकरणात पक्के. कर्मणी प्रयोग झोपेत करतील. पण जन्मात कुणी त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारलेला नव्हता. तेव्हा विचारणारा इंग्रजीत विचारायचा आणि हे मनात मराठीत ‘हो’ म्हणून तोंडानं ‘येस’ म्हणायचे.

कऱ्हाडच्या एका अविवाहित मास्तरांना मुंबईच्या मुलाखतीत विचारलं, “तुमचं लग्न झालेलं नाही?” त्यांनी ‘येस सर’ म्हटलं. त्यांना तिकडे कुटुंबासाठीचं घर मंजूर झालं. आता घर वाया कशाला घालवायचं, म्हणून आईबापांनी लगोलग त्यांचं लग्न लावून दिलं. पेढे घेऊन जोडपं ऑफिसात आलं तेव्हा जाधवसाहेब मला म्हणाले, “बघा मॅडम, येस सरची पावर.” मी इंग्रजीत हसले.

तर मगदूम सर.

ते इतरांपेक्षा वेगळे होते, कारण ते माझ्याशी खरोखर इंग्रजी बोलायचा प्रयत्न करायचे. त्यांचं इंग्रजी रजेच्या अर्जांतून आलेलं होतं. जिना चढून आले की घाम पुसत म्हणायचे, “मॅडम, आय बेग टू स्टेट दॅट टुडे इज व्हेरी हॉट.” मी म्हणायचे, “येस, इट इज.” एवढ्या संभाषणानं त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मला पुढचं वाक्य शोधावंसं वाटे. मी क्वचितच शोधलं.

पैशासाठी त्यांना जायचं नव्हतं. घरचा ऊस होता, भाऊ शेती बघत होता. का जायचं होतं ते त्यांनी एकदा वहिनींना माझ्यासमोरच सांगितलं. “इतकी वर्सं शिकवतोय बघ. ही गोज, तो जातो. शी गोज, ती जाते. पण कुणाशी बोललो न्हाई कवा. पोहायला शिकवतोय आणि पाण्यात कवा उतरलोच न्हाई, तसं झालंय. तिकडं पोरं म्हणं वर्गाबाहेरबी इंग्लिशच बोलत्यात.”

“बोलू द्यात,” वहिनी म्हणाल्या. “पण दिवस मावळायच्या आत जेवाय घालत्यात का, ते इचारा आधी.” ते लोक जैन. सूर्यास्तानंतर घरात कुणी जेवत नसे. आफ्रिकेत सूर्य केव्हा मावळतो, हा वहिनींचा एकमेव प्रश्न होता आणि आमच्या ऑफिसात आलेल्या सगळ्या प्रश्नांमध्ये तोच काय तो विचार करण्यासारखा होता. जाधवसाहेब म्हणाले, “तिकडं लय उशिरा मावळतो वहिनी. तिकडं उजेडच उजेड.”

मी मगदूम सरांना ‘नो’ शिकवायचा प्रयत्न केला. मी इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला गाडी चालवता येत नाही?” ते म्हणाले, “येस, मॅडम.” मी इंग्रजीतच समजावलं की इथे ‘नो’ हवं. ते घाबरून म्हणाले, “टू ए साहेब? नो?” त्यांना वाटलं मी उद्धटपणा शिकवतेय. यापुढे समजावायचं म्हणजे आपल्या ‘हो’बद्दल बोलायला हवं होतं, आणि मला तर मराठी येत नव्हतं. जाधवसाहेबांनीही हटकलं, “मॅडम, नो शिकवू नका. चांगला नग बिघडंल.”

सरांची दुसरी एक अडचण होती, पण ती सगळ्यांना सोय वाटत होती. त्यांच्या संस्थेचे चेअरमन फार दिलदार निघाले. आपला पुतण्या बी.ए., बी.एड. झाल्यापासून त्यांना मगदूम सरांच्या प्रगतीची रात्रंदिवस काळजी लागली होती. “सर, तुमच्यासारख्या हुशार माणसानं खेड्यात कुजायचं व्हय?” असं ते वरचेवर विचारत. सरांची नोकरी कायम होती. राजीनामा एकदा हातात पडला की दुसऱ्या दिवशी पुतण्या मस्टरवर सही करणार आणि मग मगदूम सरांना त्या जिल्ह्यात कुठलीही संस्था दारात उभं करणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. चेअरमनचं काळीज मोठं असल्यामुळे त्यांनी राजीनामा स्वतःच टाइप करून घेतला होता. सही तेवढी बाकी होती.

मुलाखत मिरज जंक्शनवर ठरली. मुंबईच्या एजंटानं कळवलं की एका कंपनीचे इंग्रज साहेब गोव्याला चालले आहेत, मिरजेला त्यांना गाडी बदलायची आहे, मधल्या वेळात ते ‘टीचर’ बघतील. मी आणि जाधवसाहेब साताऱ्याहून एस.टी.नं गेलो. मगदूम सर टाय लावून आले. वहिनी डबा घेऊन आल्या. चेअरमन स्वतःची जीप घेऊन आले, राजीनामा फाइलमध्ये आणि पेन खिशाला. साहेब फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूममध्ये बसले होते; आमच्यापैकी कुणाकडेही फर्स्ट क्लासचं तिकीट नव्हतं, पण साहेबाबरोबर आहोत म्हटल्यावर हमालानं आमच्यासाठीही पंखा सुरू केला.

साहेब वयस्क होते, उन्हानं भाजलेले, बोलायला सभ्य. त्यांनी पहिल्यांदा सरांचा हात हातात घेतला आणि मग जे सांगायचं ते अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा गोष्टींत साहेब लबाड असतो अशी आपल्याकडे समजूत आहे. या साहेबांनी काहीही लपवलं नाही. फक्त ते इंग्रजीत सांगितलं, गालात शब्द ठेवून, आणि बाहेर एक इंजिन वाफ सोडत होतं.

ते म्हणाले की त्यांची कंपनी आफ्रिकेतल्या एका जंगलात लाकूड कापते. कामगारांच्या वसाहतीत शाळा काढायचा विचार आहे, पण ती अजून नाही. पुढे होईल, कदाचित होणारही नाही. तोवर त्यांना इंग्रजी लिहिणारा एक सरळ माणूस हवा, जो रोज पहाटे लाकडाच्या गिरणीच्या फाटकावर उभा राहून ‘हॅण्ड्स’चा ‘रोल’ घेईल.

मगदूम सरांना एवढ्या सगळ्यातून दोन शब्द लागले. त्यांनी मागे वळून वहिनींना हळूच सांगितलं, “रोल घ्यायचा म्हणतोय. हजेरी. आणि हॅण्ड्स... पोरं हात वर करत्यात बघ तिकडं. शिस्त हाय.” त्यांच्या डोळ्यांसमोर वर्ग उभा राहिला होता, ते मला स्पष्ट दिसत होतं. बाकं, फळा, वर झालेले हात आणि वर्गाबाहेर इंग्रजीत भांडणारी पोरं. ‘हॅण्ड्स’ म्हणजे तिथे मजूर, हे त्या खोलीत दोघांनाच कळलं होतं. साहेबांना आणि मला.

“दिवस मावळायच्या आत जेवाय...?” वहिनींनी कोपरानं ढोसलं.

“थांब गं.”

साहेबांनी विचारलं, “शाळा नाही, याला तुमची हरकत नाही ना?”

“येस सर,” मगदूम सर ताठ उभे राहून म्हणाले.

साहेब दचकले. “म्हणजे हरकत आहे?”

“येस सर.”

“की नाही?”

“येस सर!”

जाधवसाहेबांनी मला डोळ्यांनी खूण केली. तीन वेळा येस! त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत एका नगानं सलग तीन येस काढले नव्हते. चेअरमननी फाइल उघडून टेबलावर ठेवली, पेनचं टोपण काढलं आणि मायेनं सरांच्या हातात पेन दिलं. “झालं की सर. आता साहेबांच्या साक्षीनंच सही करा. बघू द्या त्यांना बी, आपण कसं शब्दाला पक्कं असतो ते.”

सर बसले. त्यांनी राजीनाम्याचा कागद सरळ केला. आपलं नाव ते सुरेख वळणदार इंग्रजीत लिहीत, पहिल्या अक्षराआधी हवेत दोनदा पेन फिरवून.

साहेब त्या कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते. हा कागद कसला, ते त्यांना कळेना. माणूस हो म्हणतोय की नाही, तेही कळेना. शेवटी ते मला म्हणाले, “मिस, तुम्हाला यांची भाषा येत असणारच. कृपा करून यांना साधं सरळ विचारता का?”

“मॅडम,” जाधवसाहेब खूश होऊन म्हणाले, “साहेब तारीफ करतायत. थँक्यू म्हणा त्यांना.”

मला खरोखर थँक्यू म्हणता आलं असतं. तेवढ्यावर सगळं नीट पार पडलं असतं. जाधवसाहेबांचा नग गेला असता, पुतण्या लागला असता, साहेबांना माणूस मिळाला असता, आणि मला मराठी येत नसल्याचं कायम राहिलं असतं. सरांचा चेहरा बघून तर वाटलं, हा वर्ग आपण कशाला मोडायचा? गाडीत बसेपर्यंत, बोटीत बसेपर्यंत, त्या फाटकावर पोचेपर्यंत तरी तो त्यांचा होता. पेन हवेत एकदा फिरलं. मी उठून उभी राहिले. तोंडातून निघालेला आवाज कॉन्व्हेंटमधला नव्हता. माझी आई अंगणातून हाक मारते तसा होता, आणि तो ऐकून वहिनींच्या हातातला डबा खाली पडला.

“सर, थांबा! ते हात पोरांचे न्हवंत, लाकूड कापणाऱ्या मजुरांचे हाईत. तिथं शाळाच न्हाई. सही करू नका.”